इंग्रजीची उजळणी : लेखनप्रकार, अलंकार, विरामचिन्हे

लेखनप्रकार : अमेरिकेतील मिडल स्कूलमध्ये, म्हणजे साधारणतः सहावी ते आठवीच्या वर्गांत, कथनात्मक, वर्णनात्मक, माहितीपर आणि मतप्रतिपादक असे लेखनाचे चार प्रकार शिकवले जातात.

अलंकार : ‘लाइक’ किंवा ‘ॲज’ या शब्दांनी साम्य उघडपणे सांगितले, तर ती ‘सिमिली’, अर्थात उपमा; साम्यवाचक शब्द गाळून एका वस्तूवर दुसरीचा आरोप केला, तर ते ‘मेटाफर’, अर्थात रूपक.

विरामचिन्हे : सर्वाधिक गोंधळ ॲपॉस्ट्रॉफीचा होतो, कारण हे चिन्ह नामाला लागून स्वामित्व दाखवते आणि संक्षिप्त रूपांत गाळलेल्या अक्षराची जागाही; म्हणूनच ‘इट इज’चे संक्षिप्त रूप ‘इट्स’ चिन्हासह लिहिले जाते, तर तोच उच्चार असलेले स्वामित्वदर्शक सर्वनाम चिन्हाविना.

अर्धविराम दोन स्वतंत्र, परंतु अर्थाने निगडित वाक्ये जोडतो; तेथे नुसता स्वल्पविराम दिल्यास तो दोष मानला जातो.

अवतरणासाठी अमेरिकेत दुहेरी चिन्हे रूढ असून पूर्णविराम त्यांच्या आत येतो. ब्रिटिश ग्रंथांत बहुधा एकेरी चिन्हे आढळतात.

मराठीतील विरामचिन्हे इंग्रजीवरूनच आली असून, ती रुजवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी (१८०४–१८७७) यांना दिले जाते.