घशातील पांढरे खडे : लाज नको, माहिती हवी

जयंतीच्या मिरवणुकीत घोषणा देणारा, विहारात वंदना घेणारा, वस्तीत घरोघरी जाऊन बोलणारा कार्यकर्ता अचानक दोन हात लांब उभा राहून बोलू लागतो. तोंडाला वास येतो, ही शंका त्याला खाते. दोन वेळा दात घासूनही वास जात नाही. एक दिवस खोकताना भाताच्या कणाएवढा पिवळसर, अतिशय दुर्गंधी असलेला खडा बाहेर पडतो आणि मनात कॅन्सरची भीती शिरते.

हा बहुतेक वेळा टॉन्सिल स्टोन, म्हणजे टॉन्सिलमधला खडा असतो.

खडा कसा तयार होतो?

घशाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या टॉन्सिलवर लहान-लहान खाचा असतात. त्यांत अन्नाचे कण, मृत पेशी आणि कफ अडकतो. त्यावर जिवाणू वाढतात, कॅल्शियमचे क्षार साचतात आणि खडा बनतो. हे जिवाणू गंधकयुक्त वायू सोडतात, म्हणून वास येतो. ज्यांच्या खाचा खोल आहेत किंवा ज्यांना वारंवार टॉन्सिलची सूज येते, त्यांना हा त्रास जास्त होतो. हा आजार संसर्गजन्य नाही.

ज्या समाजावर शतकानुशतके अस्वच्छतेचा खोटा शिक्का मारला गेला, त्या समाजातील तरुणाला ही लाज अधिक टोचते. म्हणून स्पष्ट सांगायला हवे की नीट दात घासणाऱ्यालाही हे खडे होतात.

कसे ओळखावे?

आरशासमोर टॉर्च धरून 'आ' करा. टॉन्सिलवर पांढरे-पिवळे ठिपके दिसू शकतात. घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटणे, तोंडाची चव बिघडणे, कधी कानाकडे जाणारी कळ ही लक्षणे आहेत. अनेकांना काहीच त्रास होत नाही. अशा वेळी उपचाराचीही गरज नसते.

काढायचे कसे?

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून जोरात गुळण्या करा. बरेच खडे त्यानेच सुटतात. अगदी वर दिसणारा खडा ओल्या इअरबडने हलकेच बाजूने दाबून काढता येतो. उलटी येऊ लागली किंवा रक्त दिसले, तर थांबा. पिन, काडी, नख कधीही वापरू नका. टॉन्सिल नाजूक असतात, जखम होऊन संसर्ग वाढतो. मनाने अँटिबायोटिक घेऊ नका, त्याने खडा विरघळत नाही.

खडे मोठे असतील किंवा सतत होत असतील, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत हा विभाग असतो. फारच त्रास असेल तरच टॉन्सिल काढण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार होतो.

पुन्हा होऊ नयेत म्हणून

जेवणानंतर चूळ भरा, रात्री झोपण्यापूर्वी दात घासा, जीभ साफ करा, पाणी भरपूर प्या. तंबाखू, गुटखा, सिगारेट सोडा.

तोंडाची स्वच्छता आपल्या परंपरेला नवी नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात भगवान बुद्धांनी भिक्खूंना दातवण वापरण्याची अनुज्ञा दिली आहे. दातवण न केल्याचे जे पाच तोटे तिथे सांगितले आहेत, त्यात तोंडाला दुर्गंधी येणे हाही एक आहे.

हे मात्र अंगावर काढू नका

एकच टॉन्सिल मोठा होणे, तीन आठवड्यांहून जास्त घसा दुखणे, मानेत गाठ, थुंकीत रक्त, गिळताना त्रास यांपैकी काहीही असेल तर लगेच डॉक्टरांकडे जा. तंबाखू खाणाऱ्यांनी तर एक दिवसही लांबवू नये. हा खडाच असेल, असे स्वतःच ठरवू नका.

आणि एखादा सहकारी बोलायला संकोचत असेल, तर त्याच्या मागे कुजबुज करू नका. बाजूला घेऊन मैत्रीने सांगा. गुळणीने सुटणाऱ्या खड्यापायी चळवळीतला एक आवाज गप्प होऊ नये.

जय भीम! नमो बुद्धाय!