बोली कुणाची, हसू कुणाचे?
(फ्रेंच गीतकार-नाटककार वादे याच्या निमित्ताने)

तळच्या माणसाची बोली साहित्यात आली की तो माणूसही साहित्यात आला, असे आपण सहज गृहीत धरतो. बोलीचा प्रवेश म्हणजे बोलणाऱ्याचा प्रवेश, असा हा हिशेब आहे. तो खरा आहे काय? दलित साहित्याच्या चर्चेत हा प्रश्न अनेक अंगांनी येतो. कुणी आमच्या भाषेला शिवराळ म्हणतो, तर कुणी तिच्यातल्या 'रांगड्या गोडव्या'वर खूश होतो. दोघांचेही लक्ष भाषेवर असते, बोलणाऱ्यावर नसते. या प्रश्नाकडे थोडे दुरून पाहावे म्हणून मी अठराव्या शतकातील पॅरिसमधल्या एका लेखकाची कारकीर्द येथे मांडतो आहे. त्याचे नाव झां-जोझेफ वादे. आज फ्रान्समध्येही तो फारसा वाचला जात नाही. पण एका काळी साऱ्या पॅरिसला त्याने हसविले, आणि ते मासळीबाजारातल्या बायांच्या बोलीच्या जोरावर.

वादे १७१९ मध्ये उत्तर फ्रान्समधल्या पिकार्दी प्रांतातील हाम या गावी जन्मला. बाप लहानसा व्यापारी. पोर पाच वर्षांचे असताना कुटुंब पॅरिसला आले. पुढे वादे सरकारी करखात्यात चिकटला आणि पोटाची सोय त्याने तिथेच केली. उत्पन्नाचा विसावा हिस्सा वसूल करणाऱ्या खात्यात तो होता. म्हणजे दिवसा कराचा हिशेब आणि उरलेल्या वेळी गाणी, विनोदी काव्ये, छोटी नाटके, असा त्याचा संसार. १७५७ मध्ये तो वारला. वयाची चाळिशीही त्याने गाठली नव्हती. लिहिण्याची वर्षे जेमतेम दहा-बारा, पण तेवढ्यात त्याने एका साहित्यप्रकारावर आपल्या नावाचा शिक्का मारला.

या प्रकाराला फ्रेंचमध्ये 'पोआसार' म्हणतात. 'पोआसार्द' म्हणजे मासळीवाली. पॅरिसच्या मध्यभागी ले आल नावाचा मोठा बाजार होता. तिथल्या मासळीवाल्या त्यांच्या तोंडाळपणासाठी प्रसिद्ध होत्या. भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाचा त्या असा उद्धार करीत, की ऐकायला माणसे जमत. शब्द आखूड केलेले, व्याकरण मोडलेले, उपमा मासळीच्या, गटारीच्या, चिखलाच्या. ही बोली वादेने बाजारात, नदीच्या धक्क्यावर आणि दारूच्या गुत्त्यांत कान देऊन टिपली आणि पद्यात बांधली.

त्याचे गाजलेले काव्य 'फुटलेली चिलीम'. नदीच्या धक्क्यावरचे हमाल आणि त्यांच्या बायका हे त्यातले नायक-नायिका. शहराबाहेर, जिथे दारूवर शहराची जकात लागत नसे, अशा पोर्शरोंच्या गुत्त्यात ते पितात, नाचतात, भांडतात. मारामारीत एकाची लाडकी चिलीम फुटते, आणि या चिलमीसाठी वीरकाव्याच्या थाटात शोक होतो. थट्टेचे यंत्र येथे उघड दिसते. राजे आणि वीर यांच्यासाठी राखून ठेवलेला थाट हमालाला घालायचा, आणि तो त्याच्या अंगावर कसा ढगळ होतो हे पाहून हसायचे. हसे कोणाचे होते? थोडे वीरकाव्याचे होते, हे मान्य केले पाहिजे. पण बहुतेक हसे हमालाचेच होते.

वादेची दुसरी एक कृती मला अधिक मोलाची वाटते. तिचे नाव 'ग्रनुइयेरची पत्रे'. सेन नदीकाठचा एक मासेमार आणि तलम कपडे धुणारी एक परटीण यांच्यातला हा प्रेमाचा पत्रव्यवहार आहे. अक्षरे चुकलेली, शब्द कानाला ऐकू आले तसे लिहिलेले. चुका हा विनोदाचा भाग आहेच. तरीही त्या चुकांच्या मागे दोन शहाणी, मानी माणसे उभी राहतात. नानेत नावाची ती परटीण आपला मान राखून प्रेम करते. कष्ट करणारी बाई काय विचार करत असेल, असे वादेला क्षणभर तरी वाटले असावे. लेखक आपल्या वर्गाच्या कुंपणावरून थोडा वाकला, की त्याच्या हातून असे काही लिहून जाते.

आता नाटकांकडे वळू. वादे कोणत्या रंगभूमीवर उभा होता, हे समजल्याशिवाय त्याचे महत्त्व कळत नाही. त्या काळी पॅरिसमध्ये फ्रेंच भाषेत संवाद बोलून नाटक करण्याचा हक्क राजाने कोमेदी-फ्रांसेज या एकाच मंडळीला दिलेला होता. गाऊन नाटक करण्याचा हक्क राजाच्या संगीत अकादमीचा, म्हणजे ऑपेराचा. सामान्य लोकांचे खेळ होत ते सें-जेर्में आणि सें-लोरां या दोन जत्रांत. तिथल्या नटांनी बोलायला सुरुवात केली की अधिकृत मंडळी कोर्टात जात. संवादाला बंदी आली तेव्हा जत्रेतल्या नटांनी एकट्याचे भाषण सुरू केले. त्यालाही बंदी आली तेव्हा मूकाभिनय सुरू केला. पुढे १७१०च्या सुमारास त्यांनी एक अजब युक्ती काढली. गाण्याचे शब्द पाटीवर लिहून ती पाटी रंगमंचावर वरून खाली सोडायची. वाद्ये सगळ्यांच्या ओळखीची चाल धरीत. नट हातवारे करी, आणि गात कोण? तर प्रेक्षक! नटाचे तोंड कायद्याने बांधले, तर साऱ्या जत्रेने तोंड उघडले.

सत्ता भाषेवर कशी बसते, हे मला विद्यार्थ्यांना समजवायचे असेल तर मी याहून चांगले उदाहरण शोधणार नाही. कोणी काय बोलायचे हा प्रश्न तर असतोच. पण कोणी बोलायचेच नाही, हा त्याच्या आधीचा प्रश्न आहे.

पुढे ऑपेराला पैसे मोजून गाण्याची परवानगी विकत घेणे जत्रेतल्या मंडळींना जमले, आणि त्यातून ऑपेरा-कोमिक नावाचा प्रकार वाढला. जुन्या, सर्वांना पाठ असलेल्या चालींवर नवे शब्द बसवायचे, मधूनमधून बोलायचे, असा त्याचा साचा. गाजायला लागताच १७४५ मध्ये ही रंगभूमी बंद पाडण्यात आली. १७५२ मध्ये झां मोने या व्यवस्थापकाने ती पुन्हा उघडली, तेव्हा वादे त्याच्या हाताशी होता. त्याआधी १७४९ मध्ये वादेने कोमेदी-फ्रांसेजवर एक नाटक देऊन पाहिले होते, ते पडले. जत्रेने मात्र त्याला उचलून धरले. सैन्यभरतीसाठी माणसे गळाला लावणाऱ्या दलालांवर त्याने १७५६ मध्ये नाटक लिहिले. ग्रनुइयेरच्या माणसांनाही त्याने १७५५ मध्ये रंगमंचावर आणले.

त्याचे सर्वांत गाजलेले नाटक 'अदलाबदल करणारे' ३० जुलै १७५३ रोजी सें-लोरांच्या जत्रेत झाले. दोन खेडवळ तरुण आपापल्या वाग्दत्त वधू एकमेकांशी बदलतात, मग पस्तावतात, आणि त्या दोघी त्यांना चांगला धडा शिकवतात. गोष्ट ला फोंतेनच्या कथेवरून घेतलेली, संगीत आंत्वान दोवेर्न्यचे. आदल्या वर्षी पेर्गोलेसीची 'ला सेर्वा पाद्रोना' ही इटालियन संगीतिका पॅरिसमध्ये झाली होती आणि इटालियन संगीत श्रेष्ठ की फ्रेंच, यावर सुशिक्षितांत युद्ध पेटले होते. मोनेने उठवून दिले की या नव्या नाटकाचे संगीत व्हिएन्नात राहणाऱ्या एका इटालियनाचे आहे. इटालियन पक्षाने त्याला डोक्यावर घेतले. मग रचनाकार फ्रेंच असल्याचे उघड झाले आणि जाणकारीचा बुरखा गळाला. मालाची किंमत अंगच्या गुणाने नव्हे तर शिक्क्याने ठरते, ही गोष्ट जत्रेतल्या एका विनोदी खेळाने अशी सिद्ध केली.

इथवर वादे आपल्याला जवळचा वाटतो. जत्रेचा माणूस, मक्तेदारीच्या विरुद्ध बाजूचा, लोकभाषेचा. पण एक तपशील असा आहे की जो मला स्वस्थ बसू देत नाही. आपल्या मासळीबाजारी रचना कशा वाचायच्या, याची सूचना त्याने वाचकांना दिली आहे. पुरुषांचे बोलणे वाचताना आवाज घोगरा काढावा, आणि बायकांचे वाचताना प्रत्येक वाक्याचा शेवट मासळीवालीसारखा लांबवावा, तरच मजा येते, असे तो सांगतो.

ही सूचना कोणासाठी आहे? मासळीवालीला मासळीवालीसारखे बोला असे सांगावे लागत नाही. ही सूचना दिवाणखान्यातल्या वाचकासाठी आहे. जेवणानंतर घोगरा आवाज काढून चार घटका बाजारी व्हायचे, आणि मग पुन्हा शुद्ध बोलायला लागायचे. त्या काळच्या उमराव मंडळींत हा शौक होताच. विद्वान सरदार केलुस गाडीवानांच्या बोलीत लिहीत असे. शार्ल कोले ओर्लेआंच्या ड्यूकच्या खासगी रंगमंचासाठी अशाच भाषेतील फार्स पुरवीत असे. वादेमध्ये त्यांच्याहून अधिक कान होता, अधिक माया होती. पण गिऱ्हाईक तेच होते. म्हणून त्याच्या रचनेत भांडण दिसते, भांडणामागची तंगी दिसत नाही. शिवी ऐकू येते, शिवी देणारीच्या घरात संध्याकाळी काय शिजले ते कळत नाही. कराच्या कचेरीत बसलेल्या माणसाला ते ठाऊक नव्हते असे थोडेच आहे? पण ते सांगितले असते तर हसू थांबले असते.

मेल्यावरही त्याचे नाव थट्टेच्याच कामी आले. व्होल्तेरने १७६४ मध्ये आपल्या कथा 'गियोम वादे' या बनावट नावाने छापल्या. त्या बोलीतल्या शिव्यांच्या पुस्तिका निघू लागल्या, आणि कार्निव्हलच्या दिवसांत लोक त्यांतून शिव्या पाठ करीत.

आणि मग १७८९ उजाडले. ५ ऑक्टोबर रोजी पॅरिसमधल्या हजारो बायका, त्यांत बाजारवाल्या पुढे, भाकरीसाठी व्हर्सायवर चालून गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी राजाला कुटुंबासह पॅरिसला घेऊन आल्या. जिच्या घोगऱ्या आवाजाची नक्कल करून दिवाणखाने हसले, तो आवाज आता राजवाड्याच्या दारात होता. नकलेतला आवाज आणि खरा आवाज यांतला फरक त्या दिवशी सर्वांना कळला असेल!

त्यानंतर या बोलीला राजकीय भाव आला. सर्व पक्षांनी तिच्यात पत्रके काढली. 'पेर द्युशेन' हे एबेरचे पत्र शिव्यांनी भरलेले असे. एबेर स्वतः सोनाराचा मुलगा, सुशिक्षित. बहुतेक पत्रके शिकलेल्या पुरुषांनीच लिहिली. म्हणजे क्रांतीनेही मासळीवालीची भाषा उसनी घेतली. लेखणी तिच्या हाती दिली नाही. १७९३च्या ऑक्टोबरात तर स्त्रियांच्या मंडळांवर बंदीच आली. क्रांतिवादी स्त्रियांच्या एका मंडळाशी बाजारवाल्यांचे हाणामारीवर आले, ते निमित्त झाले. तळची माणसे एकमुखी नसतात, आणि त्यांच्या भांडणाचा फायदा वरचे घेतात, हेही येथे नमूद केले पाहिजे.

क्रांती थंडावताच मासळीवाली पुन्हा रंगमंचावर आली, हसे होण्यासाठी. पैसा आल्यावर थाट करू पाहणारी मादाम आंगो हे पात्र १७९०च्या दशकाच्या अखेरीस तुफान गाजले. भूमिका पुरुष नट करी. आणि १८७२ मध्ये ब्रसेल्सला 'मादाम आंगोची मुलगी' ही लकॉकची संगीतिका आली. तिच्या तीन लेखकांत क्लेरव्हिल हा मुरलेला गीतकार-नाटककार होता. १८४८च्या क्रांतीच्या वर्षी त्याने समाजवादी प्रूदोंची रंगमंचावर टर उडविली होती. १८७३ मध्ये ही संगीतिका पॅरिसला आली आणि तिचे चारशेवर प्रयोग सलग झाले. पॅरिस कम्यून रक्तात बुडवून दोन वर्षेही झाली नव्हती. ज्या पॅरिसने कष्टकरी बायांना घरे पेटविणाऱ्या म्हणून गोळ्या घातल्या, तेच पॅरिस रंगमंचावरच्या गोड बाजारवालीला टाळ्या देत होते.

तर मग खरा आवाज कुठे होता? तो होता. वादेच्या पॅरिसमध्येच झाक-लुई मेनेत्रा नावाचा एक काच बसविणारा कारागीर होता, जन्म १७३८चा. त्याने स्वतःच्या हाताने आपले आयुष्य लिहून काढले. विरामचिन्हे नाहीत, शुद्धलेखन नाही. कामाच्या शोधातली भटकंती, भांडणे, बढाया, प्रेमे, रूसोशी पडलेली गाठ, क्रांतीची दहशत, सारे त्यात आहे. त्यातल्या चुका कोणी हसण्यासाठी केलेल्या नाहीत. हे हस्तलिखित इतिहासकार दानिएल रॉश यांनी १९८२ मध्ये छापले. वादेचे समग्र ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर वर्षभरातच छापले गेले होते. कारागिराच्या स्वतःच्या शब्दांना मात्र पावणेदोनशे वर्षांहून अधिक थांबावे लागले.

आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये लिहिलेले 'तृतीय रत्न' हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीने स्वीकारले नाही, आणि ते छापून यायला १९७९ उजाडले. त्यातही कुणब्याची बोली आहे, विदूषकही आहे. पण तो विदूषक कुणब्याला हसत नाही. कुणब्याला लुबाडणाऱ्याचे बिंग फोडतो. वादे आणि फुले यांच्यातला फरक बोलीचा नाही. हसणाऱ्याचे तोंड कोणीकडे आहे, याचा तो फरक आहे.

म्हणून आपल्या बोलीचे कौतुक झाले की हुरळून जाण्याचे कारण नाही, आणि तिला शिवराळ म्हटले की खजील होण्याचेही नाही. प्रत्येक वेळी तीन प्रश्न विचारावेत. लेखणी कोणाच्या हाती आहे? प्रेक्षकांत कोण बसले आहे? आणि हसू थांबल्यावर काय उरते? वादेकडे गुण होता, कान होता, आणि त्या काळच्या मक्तेदारीला डिवचण्याचे धाडस असलेली रंगभूमी होती. त्याच्यामुळे त्या बायांचे शब्द टिकले, याबद्दल त्याचे ऋण मान्य करू. पण त्या बायांना जे म्हणायचे होते ते त्याच्या पुस्तकात नाही. त्यासाठी त्यांना स्वतःच्या पायांनी व्हर्सायपर्यंत चालत जावे लागले.