कड्यापासून दोन पावलं मागे

आई सोलापूरला असते. तिला मोबाइलवर फोटो बघणं जमत नाही, म्हणून यंदा चाळीस फोटो छापून पाठवायचे ठरवले आणि बारा वर्षांचं काढलेलं सगळं एकदा क्रमाने बघायला बसले. निवडलेले काही आधीच तिच्या शेजारच्या मुलाच्या फोनवर पाठवले होते. तिचा प्रश्न आला, "आधी पक्ष्याचा डोळासुद्धा दिसायचा. आता तो एवढासा का असतो गं?"

सप्टेंबर 2013मध्ये आम्ही वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर, अबेरिस्टविथला राहायला आलो. जानेवारी 2014मध्ये उधाणाच्या भरतीवर वादळ चढलं. समुद्राकाठच्या रस्त्यावर वाळूचे आणि गोट्यांचे ढीग पडले, कठड्याचे दगड उखडले. वादळं ओसरल्यावर शेजारीण म्हणाली, बॉर्थला जाऊन ये, वाळू धुऊन गेलीय, जंगल वर आलंय. ओहोटीची वेळ बघून गेले. ओल्या किनाऱ्यावर काळ्या बुंध्यांची रांगच रांग होती, मुळं अजून जमिनीत पसरलेली. पाइन, ओक, बर्च. साडेचार हजार वर्षांहून जुने. समुद्र चढत गेला, जमीन पाणथळ झाली, झाडं मेली आणि पीटच्या थरात हवा न लागल्याने कुजली नाहीत. इथल्या लोककथेत या उपसागराखाली कान्त्रेर ग्वायलोद नावाचं बुडालेलं राज्य आहे. बांधाचे दरवाजे राखणारा दारू पिऊन पडला आणि समुद्र आत शिरला. बुंध्यांचा तो फोटो साध्या कॅमेऱ्याने काढलेला आहे. चाळिसांत त्याला पहिला नंबर दिला.

पुढच्याच उन्हाळ्यात मोठी टेलिफोटो लेन्स घेतली, आणि तिथून जवळ जायची हाव सुरू झाली. अबेरिस्टविथपासून अर्ध्या तासाच्या आत बुल्च नांट अर आरियन नावाचं ठिकाण आहे. तिथे तळ्याकाठी रोज रेड काइट पक्ष्यांना मांस टाकतात. दुभागलेल्या शेपटीची ही तांबूस घार विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इंग्लंड आणि स्कॉटलंडमधून नाहीशी झाली होती. मध्य वेल्सच्या दऱ्यांत मोजक्या जोड्या उरल्या होत्या. मांस हिवाळ्यात दोन वाजता टाकतात आणि उन्हाळ्यात तीन वाजता, कारण माणसं घड्याळं पुढे करतात, घारी करत नाहीत. दीडशे-दोनशे घारी एकदम फिरू लागल्या की कुणाकडे लेन्स वळवावी तेच कळत नाही. पहिल्या वर्षी तिथे मी हजारो फोटो काढले. आईला आवडलेले डोळे त्यातलेच.

त्या शरद ऋतूत न्यू कीच्या दक्षिणेला एका कड्याखाली ग्रे सीलचं पांढरं पिल्लू दिसलं. मी कड्याच्या टोकाशी उभी राहिले, शटर सुरू केलं. त्याच्या आईने मान वर केली, मला पाहिलं आणि सरपटत पाण्यात गेली. पिल्लू लहान मुलासारखं रडू लागलं. जन्मल्यापासून जेमतेम तीन आठवडे ते दूध पितं. दुधात निम्म्याहून जास्त चरबी असते आणि तेवढ्या दिवसांत पिल्लाचं वजन तिप्पट होतं. मग आई निघून जाते ती कायमची. त्या तीन आठवड्यांतलं एकेक पाजणं किती मोलाचं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मागच्या शेतातून एक म्हातारा शेतकरी आला. रागावला नाही. म्हणाला, "आभाळावर उभी राहू नकोस, बाख. दोन पावलं मागे ये आणि गवतात आडवी हो." बाख म्हणजे वेल्शमध्ये लहान, लाडाने कुणालाही म्हणतात. आम्ही दोघं चाळीस मिनिटं गवतात पडून होतो, तेव्हा कुठे ती परत आली. त्या दिवशीचे सगळे फोटो मी पुसले, आणि त्याचं आजही वाईट वाटत नाही.

या किनाऱ्याने मला एकाच जागी पुन्हा पुन्हा जायला शिकवलं. 2012मध्ये वेल्सच्या पूर्ण किनाऱ्याभोवतीची पायवाट खुली झाली, सुमारे 1,400 किलोमीटरची. ती सलग चालून काढणारे लोक मला भेटतात आणि मला त्यांचं कौतुक आहे. पण मी बारा वर्षांत तिच्यातले सात-आठ तुकडेच चालले, तेच ते. मार्चमध्ये पिवळ्या काटेरी गॉर्सला ऊन लागलं की खोबऱ्यासारखा वास येतो. लाल चोचीचा, लाल पायांचा चफ नावाचा कावळा वाऱ्यावर कोलांट्या घेतो. मेमध्ये ब्लूबेल फुलतात. वेल्शमध्ये त्या फुलांचं नाव आहे 'कोकिळेच्या घंटा', आणि खरोखरच ती फुलली की कुकू ऐकू येतो. सीलला इथे मॉर्लो म्हणतात, समुद्राचं वासरू. ही नावं कळल्यावर मी जास्त थांबायला लागले.

2016च्या उन्हाळ्यात न्यू कीच्या धक्क्यावर उभं राहून डॉल्फिनच्या पाठीच्या पंखाचे फोटो काढले. कार्डिगन उपसागरात बॉटलनोज डॉल्फिन वर्षभर कमीअधिक प्रमाणात असतात, आणि पंखाच्या कडेवरच्या खाचांवरून एकेक डॉल्फिन ओळखता येतो. कुणी कधी, कुठे, कुठल्या पिल्लाबरोबर दिसलं याच्या नोंदी तिथले अभ्यासक ठेवतात. माझा फोटो करडा, थोडा हललेला होता, पण खाचा स्पष्ट होत्या. त्यांनी तो मागून घेतला. चांगल्या फोटोची माझी कल्पना त्या दिवशी बदलली.

2018च्या जूनमध्ये स्कोमर बेटावर रात्र काढली. पफिन पक्ष्यांसाठी सगळे जातात, मीही त्यासाठीच गेले होते. बिळांवर पाय पडू नये म्हणून पायवाट सोडायची नाही, पण पफिनना ते बंधन नसल्याने ते आपल्या बुटांवरून चालत जातात. मात्र बेटाचा खरा पक्षी अंधारात येतो. मँक्स शिअरवॉटर. त्याच वर्षीच्या मोजणीत स्कोमरवर सुमारे साडेतीन लाख जोड्या निघाल्या, म्हणजे जगातल्या या जातीचा मोठा हिस्सा या एवढ्याशा बेटावर. पाय शरीराच्या फार मागे असल्याने त्यांना जमिनीवर नीट चालता येत नाही. उजेडात उतरले तर मोठे गल पक्षी त्यांना मारून खातात. म्हणून चांदणं नसलेली रात्र त्यांना हवी असते. साडेअकराच्या सुमारास डोक्यावरून पहिली घोगरी किंकाळी गेली, मग जमिनीखालून उत्तर आलं, आणि तासाभरात सगळं बेट ओरडत होतं. एक पक्षी माझ्या पायाशी धपकन पडला आणि छातीवर फरफटत बिळात शिरला. हिवाळ्यात हेच पक्षी अर्जेंटिनाच्या किनाऱ्यापर्यंत जातात. लाल टॉर्च होता, फ्लॅश नव्हता, कॅमेरा पिशवीत होता. त्या रात्रीचा एकही फोटो नाही, आणि चाळिसांत तिच्यासाठी मी एक कोरं पान ठेवलं आहे. आईला फोनवर सांगेन.

2020च्या वसंतात बेटांच्या बोटी बंद होत्या. जूनमध्ये घरापासून पाच मैलांची मर्यादा आली, तेव्हा मला टॅन-अ-बुल्चचा गोट्यांचा किनारा पुरला. डवी नदीच्या खोऱ्यातल्या ऑस्प्रे पक्ष्यांना आम्ही घरट्यावरच्या कॅमेऱ्यातून बघायचो. तिथे 2011मध्ये, काही शतकांनंतर, पहिली पिल्लं झाली होती. त्यांचा बाप, मॉन्टी नावाचा नर, दरवर्षी आफ्रिकेतून परतायचा. त्या वर्षी परतलाच नाही. मादी टेलिन आली, घरट्यावर बसून राहिली, आणि शेवटी इड्रिस नावाचा दुसरा नर तिच्याबरोबर राहिला. मी त्या पडद्यासमोर रडले आहे.

2022 वाईट गेलं. बर्ड फ्लू ग्रासहोमवर पोहोचला. लांबून बर्फ पडल्यासारखं पांढरं दिसणारं हे बेट म्हणजे गॅनेट पक्ष्यांची वसाहत. 1934मध्ये निसर्गअभ्यासक रोनाल्ड लॉकली आणि ज्युलियन हक्सली यांनी तिथेच चित्रीकरण केलं होतं आणि त्या लघुपटाला पुढे ऑस्कर मिळालं. 2022मध्ये मोजलेली 34,491 घरटी 2023मध्ये 16,482 झाली. बोटीने बेटाला फेरी मारताना पांढऱ्यात मोकळे काळे पट्टे दिसत होते. स्कॉटलंडच्या बास रॉकवर अभ्यासकांना आढळलं की या रोगातून वाचलेल्या काही गॅनेटांचे फिकट निळे डोळे काळे झाले होते. तो डोळा बघायला मला जवळ जायचं नव्हतं. मी पूर्ण बेटाचा फोटो काढला, 2017मध्ये काढला होता त्याच बाजूने. दोन्ही शेजारी शेजारी छापले आहेत. स्कोमरवर मात्र 2025मध्ये पफिन 43,626 मोजले गेले, तिथला तोपर्यंतचा सगळ्यात मोठा आकडा. दोन बेटं, मधे थोडासा समुद्र.

आईला सगळ्यात ओळखीचा वाटेल तो फोटो आमच्या घरापासून दहा मिनिटांवरचा आहे. ऑक्टोबर ते मार्च, संध्याकाळी, स्टार्लिंगचे हजारो पक्षी 1865मध्ये बांधलेल्या आमच्या पिअरखाली मुक्कामाला येतात. उतरण्याआधी थवा पाण्यावर पसरतो, आवळतो, वळतो, आणि सगळे पंख एकदम आवाज करतात. ज्वारीच्या दिवसांत सोलापूरकडे भोरड्या अशाच उठतात. लहानपणी आईच मला त्या दाखवायला न्यायची. भोरडी आणि हा स्टार्लिंग एकाच कुळातले.

चाळिसावा गेल्या ऑक्टोबरचा. त्याच कड्यावर, टोकापासून मागे, गवतात आडवं पडून काढलेला. फोटोत बहुतेक जागा करड्या गोट्यांची आहे, वरच्या कोपऱ्यात पाण्याची रेघ, आणि मधे तांदळाच्या दाण्याएवढं पांढरं पिल्लू, त्याला लागून कुशीवर झोपलेली आई. तिचे डोळे मिटलेले आहेत. भरती चढायला लागली होती, म्हणून मी कोपरांवर सरकत मागे आले आणि कुंपणाशी पोहोचल्यावरच उभी राहिले.