गिलावा पडतो, हप्ता मात्र राहतो



दिवाळी झाल्यावर वांगणीच्या बाजूला एका गटाच्या बैठकीला गेले होते. अंतर्गत कर्जाची मागणी चालू होती. एका मावशींनी घरदुरुस्तीसाठी वीस हजार मागितले. सचिव ताईंनी वही चाळली आणि म्हणाल्या, "मावशी, दोन वर्षांमागे पण भिंतीलाच घेतले होते ना?" मावशी कसनुसं हसल्या. "घेतले होते गं. हप्ते आत्ता कुठे फिटले. गिलावा मात्र एकच पावसाळा टिकला. आता हात लावला की रेती गळते."

लगेच चार-पाच जणी म्हणाल्या, आमचं पण तसंच आहे. त्या दिवशी ठरवलं, या अंकात भिंतीवरच लिहायचं. मी समाजकार्य शिकलेली, गवंडीकाम नाही. पण दोन जुन्या गवंडी काकांना आणि एका सिव्हिल इंजिनिअर मैत्रिणीला प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलंय. शिवाय आमच्या स्वतःच्या घरात ही चूक होऊन गेलेली आहे, ती पण सांगते.

समुद्र लांब, मग भिंतीत मीठ कुठून?

अलिबाग, उरण, वसईकडची माणसं म्हणतात की खारा वारा भिंत खातो. ते खरंच आहे. वाऱ्याबरोबर मीठ येतं आणि विटेत, दर्जांमध्ये मुरतं. आपण अंबरनाथ-बदलापूरवाले समुद्रापासून बरेच आत. तरी आपल्या भिंतींवर खालच्या दोन-तीन फुटांत पांढरी पावडर येते. जुनी माणसं त्याला लोणा लागला म्हणतात. बऱ्याच जणी तिला बुरशी समजून फिनाईलने पुसतात. ती बुरशी नाही, तो खार आहे.

हा खार समुद्राशिवाय पण घरात येतो. खाडीची रेती न धुता वापरली तर तिच्यातून येतो. विटेच्या मातीत असला तर विटेतून येतो. भिंतीला लागून गोठा असेल, शोषखड्डा असेल, न्हाणीचं पाणी तिथेच मुरत असेल, तर जमिनीतल्या ओलीबरोबर वर चढतो. काही ठिकाणी बोअरचं पाणीच खारट असतं आणि त्याच पाण्यात माल कालवला जातो.

नुसतं मीठ असून काही बिघडत नाही. बिघडवतं ते पाणी. पावसाळ्यात भिंत पाणी पिते, मीठ त्यात विरघळतं. पाऊस उघडला की पाणी सुकायला बाहेरच्या बाजूला येतं आणि मीठ मागे ठेवून जातं. मिठागरात पाणी आटल्यावर खडे धरतात, तसेच बारीक खडे विटेच्या आत धरतात. खड्याला जागा लागते, म्हणून तो विटेला आतून ढकलतो. दर पावसाळ्याला हे चालतं, आणि काही वर्षांत वीट भुगा होऊन गळायला लागते.

आता यावर आपण काय करतो? घट्ट सिमेंटचा जाड गिलावा चोपतो. त्यावर ऑइलपेंट. दिसायला छान दिसतं. पण भिंतीतल्या पाण्याची बाहेर जायची वाट आपण बंद केली. पाणी आतच राहतं, गिलाव्याच्या मागे जाऊन थांबतं, खडे तिथे धरतात आणि आख्खा पापुद्रा सुटून येतो. नाहीतर ओल गिलाव्याच्या वरच्या कडेला चढते. मग तुम्ही म्हणता, "आधी दोन फूट ओल होती, आता चार फूट झाली."

आमच्या घरची गोष्ट

२६ आणि २७ जुलै २०१९ ची रात्र आपल्याकडे कोणीच विसरणार नाही. उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे अडकली होती, हजाराहून जास्त प्रवासी बोटींनी काढले. टीव्हीवर सगळीकडे गाडी दिसत होती. त्याच पाण्यात आमचं बदलापूरचं घर खिडकीपर्यंत बुडालं होतं, ते अर्थात कुठे दिसलं नाही.

गणपती २ सप्टेंबरला होते. बाबांचं एकच म्हणणं, बाप्पा यायच्या आधी घर नीट दिसलं पाहिजे. ठेकेदाराने ऑगस्टमध्येच, भिंत पाण्याने टच्च असताना, भरपूर सिमेंट घालून गिलावा मारून दिला. वर प्लास्टिक पेंट. बाप्पाचे फोटो झकास आले. पुढच्या होळीपर्यंत रंगाला फोड आले, आणि पावसाळ्यानंतर पलंगामागचा गिलावा रात्री धाडकन पडला. आजी तिथेच झोपायची, त्या दिवशी नशिबाने मावशीकडे होती. बाबा ठेकेदाराला शिव्या घालत होते. मला आता वाटतं, चूक त्याच्या एकट्याची नव्हती. घाई आमची होती.

भिजलेली भिंत सुकायला किती वेळ लागतो? इंजिनिअर लोक ढोबळ हिशोब सांगतात, एक इंच जाडीला एक महिना. म्हणजे नऊ इंची भिंत पुरात बुडाली तर तिला जवळजवळ वर्ष लागू शकतं. चार इंची असेल तर चार महिने. ऑगस्टमध्ये गिलावा मारणं म्हणजे ओल्या बाळंतिणीला प्लास्टिकमध्ये गुंडाळण्यासारखं, असं आमचे गवंडी काका म्हणतात. (काकांच्या उपमा अशाच असतात.)

आधी पाण्याची वाट शोधा

गवंड्याला बोलवायच्या आधी एक काम आपण स्वतः करायचं, त्याला पैसे लागत नाहीत. धो-धो पाऊस चालू असताना छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा. या पावसाळ्यात राहिलं असेल तर आता भिंतीवरचे डाग बघून अंदाज घ्या.

डाग वरून खाली आला असेल तर पत्र्याच्या खिळ्यातून, फुटक्या कौलातून किंवा छज्ज्यावरून पाणी येतंय. छज्ज्याच्या खालच्या बाजूला, कडेच्या जवळ, बोटभर खाच आहे का बघा. ती खाच पाणी तोडते. नसेल तर पाणी छज्ज्याच्या पोटावरून सरकत भिंतीला भिडतं. डाग जमिनीपासून वर आला असेल आणि साधारण कमरेएवढा जाऊन थांबला असेल, तर ओल पायातून चढतेय. दोन्ही बाजूंनी वळचणीच्या पागोळ्या जमिनीवर आपटून भिंतीवर उडतात, तो प्रकार तर जवळजवळ प्रत्येक पाड्यावर आहे. त्याला पन्हळ लावणं हाच उपाय. गिलावा नाही.

आणखी एक गोष्ट उल्हासनगर आणि अंबरनाथच्या वस्त्यांमध्ये फार दिसते. गल्ली काँक्रीटची झाली, दर वेळेला थरावर थर चढला, आणि घर रस्त्याच्या खाली गेलं. जोतं बुजलं. गावात हेच काम मातीचे ढीग, शेणी आणि लाकडांची रास करते. बाहेरची जमीन जोत्याच्या वरच्या कडेपासून निदान वीतभर खाली असली पाहिजे. रस्ता खोदता येणार नाही, पण भिंतीला लागून हातभर रुंद चर काढून त्यात गिट्टी भरता येते, आणि पाण्याला पुढे उतार देता येतो. नगरपालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीत गटाच्या नावाने अर्ज द्या. एकटीच्या अर्जापेक्षा दहा जणींच्या सह्यांचा अर्ज लवकर वाचला जातो, हा माझा अनुभव.

ओल भिंतीतून येतेय की घरातल्या वाफेची आहे, कळत नसेल तर प्लास्टिकचा वीतभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा आणि दोन दिवस थांबा. थेंब प्लास्टिकच्या मागे जमले तर ओल भिंतीतली आहे. पुढच्या बाजूला जमले तर खिडकी उघडी ठेवा, चुलीची वाफ बाहेर जाऊ द्या.

काम करताना

सुटलेला गिलावा छन्नीने काढायचा, ओलीच्या डागाच्या हातभर वरपर्यंत. भिंत उघडी दिसली की आपल्याला लाज वाटते, पाहुणे काय म्हणतील. पण तिला तसंच उघडं ठेवायचं, वारा लागू द्यायचा. वर येणारा खार कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत गोळा करून घरापासून लांब टाकायचा. पाण्याने धुतला तर तो परत भिंतीत जातो. हे दर आठवड्याला करत राहायचं. पावडर येणं कमी झालं की समजायचं, आता माल लावायला हरकत नाही.

मग दर्जा. दोन विटांमधला भुसभुशीत झालेला माल अर्धा ते पाऊण इंच आतपर्यंत कोरून काढायचा, झाडायचा, पाण्याचा हलका हात मारायचा आणि नवा माल दाबून भरायचा. भुगा झालेली वीट काढून दुसरी बसवायची, पण एका वेळी एक. सलग ओळ काढली तर वरची भिंत बसेल.

माल किती घट्ट, यावर आमची खूप चर्चा झाली. आपल्याला वाटतं जास्त सिमेंट म्हणजे जास्त मजबूत. विटेच्या बाबतीत ते उलटं पडतं. माल विटेपेक्षा कडक झाला तर ओल मालातून बाहेर न पडता विटेतून पडते, आणि वीट खपते. म्हणून साध्या विटेच्या भिंतीला एक घमेलं सिमेंट, सहा घमेली रेती. चांगला चुना मिळत असेल तर एक सिमेंट, एक चुना, सहा रेती, हे आणखी बरं, कारण चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. घमेलं एकच वापरायला सांगा आणि मोजायला स्वतः उभ्या राहा. "ताई, अंदाज आहे मला," असं गवंडी म्हणेल. म्हणू दे. पाणी घातलेला माल तासाभराच्या आत संपला पाहिजे, जेवणानंतर परत पाणी मारून कालवलेला माल नको.

रेती तपासणं सोपं आहे. काचेच्या बाटलीत अर्ध्यापर्यंत रेती, वर पाणी, जोरात हलवून दोन-तीन तास ठेवा. रेतीवर गाळाचा थर बसेल. तो रेतीच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जाड असेल तर ती रेती परत पाठवा, नाहीतर धुवून घ्या. वर राहिलेल्या पाण्याचा थेंब जिभेला लावा, खारट लागला तर खाडीची आहे. विटेचं पण तसंच: ताटात इंचभर पाणी घेऊन वीट उभी ठेवा, पाणी पिऊन सुकू द्या. अंगावर पांढरं आलं तर त्या भट्टीची वीट नको.

गिलावा सगळ्यात शेवटी, दोन हातांत, आणि नंतर किमान सात दिवस पाणी मारायचं. मे महिन्याच्या उन्हात सकाळी लावलेला गिलावा दुपारपर्यंत करपतो, त्याला तडे जातात. म्हणून जानेवारी-फेब्रुवारी बरे. आतून ऑइलपेंट नको, चुन्याचा हात द्या. कुडाच्या आणि मातीच्या भिंतीला तर सिमेंट लावूच नका. तिथे माती, भुसा आणि शेणाचं सारवणच योग्य.

हे गवंड्याचं काम नाही

मे २०२१ मध्ये उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब पंधरा दिवसांच्या आत कोसळले आणि माणसं गेली. तुमच्या घराला स्लॅब असेल आणि त्याच्या पोटातून गंजलेली सळई दिसत असेल, तर त्यावर सिमेंट लिंपून घेऊ नका. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडते, वरून लिंपलेलं फक्त झाकतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका गेलेला तडा असेल तर त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. महिन्याभरात तडा खुणेच्या पुढे गेला, किंवा त्यात करंगळी जायला लागली, तर आधी इंजिनिअर. तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने बंधनकारक आहे, ते सोसायटीत विचारायला घाबरू नका.

पूर आला तर साफसफाईच्या आधी फोटो काढा. पाणी कुठपर्यंत होतं ती रेघ फोटोत आली पाहिजे. मग तलाठ्याकडून पंचनामा. भिंत धुवून, रंगवून झाल्यावर पंचनाम्यात लिहायला काही उरत नाही.

त्या मावशींचं काय झालं? बैठकीत तासभर बोलणं झालं आणि त्यांनी वीस हजारांऐवजी सहा हजार घेतले, पन्हळ आणि दर्जांसाठी. गिलाव्याची मागणी फेब्रुवारीत ठेवणार आहेत, तोपर्यंत भिंत उघडी. काकांची कुरकुर चालू आहे. मावशींनी तिथे कॅलेंडर लावलं होतं, ते मी काढायला लावलं, मागे ओल धरते म्हणून.

ज्या गटांकडे घरदुरुस्तीच्या मागण्या आल्या आहेत, त्यांनी पुढच्या ग्रामसंघ बैठकीला येताना आपल्याकडच्या रेतीची एकेक बाटली घेऊन या. गवंडी काका येणार आहेत, तिथेच हलवून बघू.