स्त्री आरोग्य शोध (गोवा)

स्त्री आरोग्य शोध हा गोव्यात २००० च्या दशकाच्या प्रारंभी झालेला लोकसंख्याधारित आरोग्य-अभ्यास आहे. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली 'संगाथ' ही गोव्यातील संस्था आणि लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन येथील संशोधकांनी तो केला. मासिक पाळीतील वेदना, अंगावरून पांढरे जाणे, दीर्घकालीन थकवा या तक्रारी आणि स्त्रियांचे मानसिक आरोग्य यांतील संबंध तपासणे हे त्याचे वैशिष्ट्य होय. त्याचे प्रमुख निष्कर्ष २००५ व २००६ मध्ये प्रसिद्ध झाले.

पार्श्वभूमी

स्त्रियांच्या या आजारांकडे वैद्यकशास्त्राचे लक्ष वेधण्यात विदर्भातील एका अभ्यासाचा मोठा वाटा आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना किमान एक स्त्रीरोग आढळला. पूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र केवळ ८ टक्के होत्या. गडचिरोलीतील अभ्यासाने न बोलले गेलेले आजार समोर आणले. गोव्यातील अभ्यासाने त्यापुढचा प्रश्न विचारला : स्त्री जी तक्रार बोलून दाखवते, तिचे मूळ नेहमी जंतुसंसर्गातच असते काय?

स्वरूप

एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कार्यक्षेत्रातील १८ ते ५० वयोगटातील स्त्रियांची यादृच्छिक पद्धतीने निवड करण्यात आली. त्यांपैकी २,४९४ स्त्रिया सहभागी झाल्या. मुलाखतींबरोबरच प्रयोगशाळेतील चाचण्या झाल्यामुळे सांगितलेली तक्रार आणि प्रत्यक्ष आढळलेला संसर्ग यांची तुलना करता आली.

निष्कर्ष

पाळीतील वेदना : पाळी चालू असलेल्या २,२६२ स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांनी वेदनांची तक्रार केली. ३३.४ टक्के स्त्रियांच्या वेदना मध्यम ते तीव्र होत्या. अतिरक्तस्राव, इतर शारीरिक तक्रारी आणि हिंसेचा अनुभव यांच्याशी या वेदनांचा संबंध आढळला.

अंगावरून पांढरे जाणे : ही तक्रार १४.५ टक्के स्त्रियांनी केली. प्रजननमार्गाच्या संसर्गापेक्षा मानसिक व सामाजिक घटकांशी तिचे नाते अधिक दृढ होते. त्यामुळे केवळ तक्रारीवरून प्रतिजैविके देण्याच्या प्रचलित पद्धतीवर प्रश्न उपस्थित झाले.

थकवा : सुमारे १२ टक्के स्त्रियांना सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा जाणवत होता. हिमोग्लोबिनच्या पातळीशी त्याचा संबंध दिसला नाही. मानसिक ताण व सामाजिक अडचणी यांच्याशी मात्र दिसला.

मानसिक विकार : नैराश्य व चिंता यांसारखे सामान्य मानसिक विकार ६.६ टक्के स्त्रियांत आढळले. गरिबी, पतीकडून होणारी लैंगिक हिंसा, वैधव्य किंवा विभक्तता, निर्णयस्वातंत्र्याचा अभाव आणि कुटुंबाचा अपुरा आधार हे त्यांच्याशी निगडित घटक होते.

पाळीपूर्व विकार

पाळीतील वेदना आणि पाळीपूर्व अवसाद विकार या भिन्न बाबी आहेत. दुसऱ्या विकारात पाळीच्या आधीच्या दिवसांत तीव्र चिडचिड, उदासी किंवा चिंता उद्भवते आणि पाळी सुरू झाल्यावर ती ओसरते. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणात त्याला अवसाद विकारांत स्थान मिळाले. त्याच्या निश्चित निदानासाठी किमान दोन चक्रांतील लक्षणांची दैनंदिन नोंद आवश्यक असते. एका वेळच्या मुलाखतीवरून असे निदान करता येत नाही.

महत्त्व व मर्यादा

वरील निष्कर्ष छेदात्मक पाहणीचे आहेत. म्हणजे त्यांसाठीची माहिती एकाच वेळी घेण्यात आली. त्यामुळे ताणामुळे वेदना वाढतात की वेदनांमुळे ताण, हे त्यावरून ठरत नाही. तक्रारीचा संबंध मनःस्थितीशी आहे याचा अर्थ ती काल्पनिक आहे असाही होत नाही. पाळीच्या वेदना 'बाईच्या जातीला असायच्याच' असे मानण्याची रीत समाजात आढळते. त्या वेदनांचा भार मोजण्याजोगा आहे आणि उपचार करताना शरीराबरोबर घरातील परिस्थितीचीही विचारपूस आवश्यक आहे, हे या अभ्यासाने आकडेवारीनिशी दाखवले.