आठ कोअर म्हणजे आठपट वेग?

लॅपटॉप घ्यायला गेलं की हल्ली पहिला प्रश्न येतो, "किती कोअरचा आहे?" चारपेक्षा आठ म्हणजे दुप्पट वेग, हा हिशेब आपण घरूनच करून आलेलो असतो. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी कष्टाचे पैसे खर्च होतात, म्हणून इथे थोडं खोलात जाते.

मुळात कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) वाढले ते एकाच कोअरला आणखी पळवणं परवडेनासं झालं म्हणून. इंटेलचा पेंटियम 4 हा प्रोसेसर 2004 मध्ये 3.8 गिगाहर्ट्झपर्यंत पोचला आणि तिथेच थबकला. 4 गिगाहर्ट्झची जाहीर केलेली चिप कंपनीने रद्द केली. 'तेजस' या सांकेतिक नावाचा पुढचा प्रोसेसरही त्याच वर्षी सोडून दिला. अडचण होती उष्णतेची. चिपला लागणारी वीज क्लॉक स्पीडबरोबर वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीतही वाढते; स्पीड चढवायचा तर बहुधा व्होल्टेजही चढवावं लागतं. आता हेच उलट करून पाहा. दोन्ही 20 टक्क्यांनी उतरवले, तर वीज जवळपास निम्मी लागते. म्हणजे एका कोअरच्या विजेत असे दोन कोअर चालतात आणि काम वाटून देता आलं तर ते 1.6 पट होतं. 2005 मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी घरगुती संगणकांसाठी दोन कोअरचे प्रोसेसर आणले, त्यामागे हे गणित होतं.

पण काम वाटून देता आलं तरच! जीन अ‍ॅमडाल यांनी 1967 मध्येच यावर बोट ठेवलं होतं. समजा, 100 मिनिटांच्या कामातली 20 मिनिटं एकापाठोपाठ एक अशीच करावी लागतात. उरलेली 80 मिनिटं आठ कोअरनी 10 वर आणली, तरी एकूण 30 मिनिटं लागणारच. आठ कोअर, वेग जेमतेम 3.3 पट. हजार कोअर लावले तरी 20 मिनिटांच्या खाली जाता येणार नाही. पोळ्या लाटायला चार हात मिळतील, कणीक मुरायची तेवढ्याच वेळात मुरते. व्हिडिओ संपादनात जास्त कोअर खरोखर उपयोगी पडतात. पत्रं टाइप करणाऱ्याला त्यांचा फरक क्वचितच जाणवेल.

मूरचा नियम संपला म्हणून कोअर आले, असंही ऐकू येतं. तो नियम चिपवरच्या ट्रान्झिस्टरच्या संख्येबद्दल आहे, वेगाबद्दल नाही. संख्या वाढत होती, म्हणून तर दुसऱ्या कोअरला जागा मिळाली. मोडलं ते रॉबर्ट डेनार्ड यांनी 1974 मध्ये मांडलेलं सूत्र: ट्रान्झिस्टर लहान होईल तसं व्होल्टेजही कमी करता येईल. फार लहान ट्रान्झिस्टरमधून बंद असतानाही वीज गळू लागली आणि व्होल्टेज उतरवायला वाव उरला नाही.

काम वाटून घेण्याची कल्पनाही 2005 ची नव्हे. पुण्याच्या सी-डॅकने 1991 मध्ये 'परम 8000' हा महासंगणक उभा केला, तो ट्रान्सप्युटर नावाच्या अनेक चिप एकत्र कामाला लावूनच.

आणि फोनवरचे ते 'ऑक्टा-कोअर'? त्यातले आठही कोअर बहुतेकदा सारखे नसतात. काही दणकट, बाकीचे लहान. संदेश येत-जात असताना, गाणं वाजत असताना लहान कोअर पुरतात आणि मोठे झोपून राहतात. लहानांना तिथे ठेवलेलं असतं ते बॅटरी वाचवायला.