जखमेतले किडे

मराठी भाषेत किड्याला आणि जळूला मान नाही. शाप द्यायचा तर ‘तुझ्या तोंडात किडे पडोत’ म्हणतात. पिच्छा न सोडणारा सावकार जळूसारखा चिकटतो. शब्दांत वावरणारा माणूस म्हणून मला वाटते, भाषेने इथे थोडा अन्यायच केला आहे.

१९१७ साल, पहिले महायुद्ध. फ्रान्समध्ये विल्यम बेअर या अमेरिकन अस्थितज्ज्ञापुढे दोन जखमी सैनिक आणले गेले. सात दिवस अन्नपाण्यावाचून रणांगणात पडलेले. मांडीची हाडे मोडलेली, पोटावर जखमा. असे जखमी तेव्हा बहुतेक दगावत. पण या दोघांना ताप नव्हता. कपडे काढले, तर जखमांत हजारो अळ्या वळवळत होत्या! त्या धुऊन काढल्यावर खाली पू नव्हता, नवे गुलाबी मांस होते. बेअर हे विसरले नाहीत. दहा-बारा वर्षांनी बाल्टिमोरमध्ये हाडांत पू झालेल्या मुलांवर त्यांनी हाच उपाय केला. काही रुग्णांना धनुर्वात झाला, तेव्हा माशीची अंडी निर्जंतुक करून घेण्याची पद्धत बसवली.

पुढे पेनिसिलिन आले आणि अळ्या मागे पडल्या. औषधांना न जुमानणारे जंतू वाढले, तेव्हा पुन्हा त्यांची आठवण झाली. २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अळ्या आणि जळवा, दोन्हींना मान्यता दिली.

ही अळी चकाकत्या हिरव्या माशीची. तिच्या पाचक रसाने सडलेले मांस विरघळते, ते ती शोषून घेते. जिवंत मांसाला हात लावत नाही. दोन-तीन दिवसांनी पट्टी सोडून अळ्या काढतात. मात्र चमत्कार समजू नये. २००९ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत पायांच्या जखमा अळ्यांनी लवकर स्वच्छ झाल्या, पण लवकर भरल्या नाहीत, आणि दुखल्याही जास्त.

आणखी एक. मधुमेही माणसाच्या पायाला मुंग्या-बधिरपणा असतो, जखमेत किडे पडले तरी कळत नाही. ते पाहून ‘किडे औषधी असतात’ म्हणत घरी बसू नका. आपल्याकडच्या एका माशीची अळी जिवंत मांसच पोखरते. तडक दवाखाना गाठावा.

जळूची कथा जुनी. सुश्रुताने तिच्या बारा जाती सांगितल्या, सहा विषारी, सहा बिनविषारी. इब्न सीनानेही जळवांवर लिहिले आणि युनानी हकीम त्या लावत आले. नवा उपयोग मात्र वेगळा आहे. तुटलेले बोट किंवा कान शिवताना धमनी जोडता येते, बारीक शिरा जुळत नाहीत. रक्त आत येते, बाहेर जात नाही. अवयव निळा पडतो. १९८५ मध्ये बोस्टनला कुत्र्याने तोडलेला पाच वर्षांच्या मुलाचा कान डॉ. जोसेफ अप्टन यांनी जळवा लावून वाचवला. जळूच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते. ती गळून पडल्यावरही चावा तासन्‌तास पाझरतो, आणि तेवढ्या अवधीत नव्या शिरा जोम धरतात. तिच्या आतड्यातल्या जंतूंसाठी रुग्णाला प्रतिजैविक द्यावे लागते.

एकदा वापरलेली जळू दुसऱ्या रुग्णाला लावत नाहीत. पोटभर रक्त पिऊन ती सुटली की तिला स्पिरिटमध्ये टाकतात.